बाळंतपणानंतर अंग वाढलंय, जुने कपडे होत नाहीत. थोड्या दिवसांसाठी कमी खर्चात बरे दिसणारे कपडे कसे घ्यावेत?

आधी ती जुनी जीन्स कपाटाच्या वरच्या फळीवर टाका, रोज डोळ्यांसमोर नको. गर्भाशय पूर्ववत व्हायलाच साधारण 6 आठवडे लागतात. पोट आणि कंबर उतरायला त्याहून बरेच महिने जातात, तेव्हा "होईल बारीक" म्हणून एक माप लहान घेऊ नका.

सगळ्यांची एक चूक होते (माझीही झाली): पोट झाकायला तंबूसारखे ढगळ कपडे. त्यात माणूस आहे त्याहून रुंद दिसतो. वरचा कपडा खांद्यात नीट बसणारा, छातीखाली किंचित आवळलेला आणि पुढे सैल सुटणारा घ्या. त्यातही एकावर एक पदर येऊन बाजूला गाठ मारायचा टॉप सर्वांत कामाचा. अंग उतरेल तशी गाठ घट्ट होते, दूध पाजायलाही सोपं. कापड जरा वजनदार असावं. पातळ होजिअरी नको त्या जागी चिकटते.

खाली इलॅस्टिकच्या दोन गडद पँट पुरे. गरोदरपणातल्या पँट अजून चालत असतील तर या दोन घ्यायचीही गरज नाही. बाकीचं बहिणी-मैत्रिणींकडून मागून घ्या किंवा वापरलेलं विकत घ्या. असे कपडे जेमतेम काही महिनेच वापरलेले असतात, नव्यासारखेच मिळतात.

पैसे वाचवू नयेत ते फक्त ब्रामध्ये. घट्ट ब्राने दुधाच्या गाठी होऊ शकतात, म्हणून दूध नीट यायला लागल्यावर पुन्हा माप घेऊनच घ्या.