१,१०,००० क्लिक झालेली प्रोफेशनल बॉडी घ्यावी का? असे कॅमेरे किती वर्षं टिकतात?

तुमचा प्रश्न असा: आठ वर्षं वापरलेली डीएसएलआर बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) मिळतेय, शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेले फोटो, १,१०,०००. कंपनीने शटरचं (प्रत्येक फोटोला उघडझाप करणाऱ्या पडद्याचं) आयुष्य १,५०,००० सांगितलंय, मग आता चाळीस हजारच क्लिक उरले का?

तसा हिशोब लागत नाही. मी चिपळूणला लग्नाच्या ऑर्डरी घेतो. २०१३ला घेतलेल्या माझ्या बॉडीच्या शटरचं आयुष्यही दीड लाख क्लिकच सांगितलं होतं. एका लग्नात तिच्यावर पंधराशे क्लिक, वर्षाला तीसेक लग्नं. कागदावर तीन-साडेतीन वर्षांत शटर जायला हवं होतं. गेलं २०१८च्या मे महिन्यात, २,१४,००० वर, आणि तेही ऐन सप्तपदीला. दुसरी बॉडी गळ्यात होती म्हणून अब्रू वाचली. पुण्यातल्या एका कारागिराने अठरा हजारांत नवं शटर बसवून दिलं. उलट माझ्या एका मित्राचं सत्तर हजारांतच गेलं. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो, हमी नसते. कॅनन ५डी मार्क ३ आणि मार्क ४ दीड लाख क्लिक, निकॉन डी८५० दोन लाख, डी५ चार लाख, कॅनन १डी एक्स मार्क ३ पाच लाख. शेवटच्या दोन्ही बॉड्या क्रिकेट आणि बातम्यांवाल्यांच्या. आणि निकॉन झेड९मध्ये (२०२१) तर यांत्रिक शटरच नाही.

मुद्दा हा, की शटर हा बदलता येणारा भाग आहे. कॅमेरा कायमचा जातो तो वेगळ्याच गोष्टींनी, आणि आमच्याकडे त्यातली पहिली म्हणजे सुट्टी.

आषाढी एकादशीला लग्नं थांबतात. (हल्ली चातुर्मासातही मुहूर्त काढून देतात म्हणा, पण कोकणातल्या पावसात मांडव कोण घालणार?) म्हणजे हवेत सगळ्यात जास्त ओल असते तेच चार महिने कॅमेरा बंद बॅगेत, बंद कपाटात. २०१४ला तुळशीचं लग्न झाल्यावर मी बॅग उघडली आणि ७०-२०० लेन्समध्ये टॉर्च मारला, तर आत कोळिष्टकासारखे धागे. फंगस. साफ करून घेतली, पण फंगस काचेवरचं कोटिंग खातं, ते परत येत नाही. आजही त्या लेन्सने दिव्यासमोर फोटो काढला की धुरकट येतो. भर सीझनमध्येही माझ्या सामानाचं एवढं नुकसान कधी झालेलं नाही. आता ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घेतलंय, ओलीचा काटा ४५ टक्क्यांवर. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल, पण जेल वेळेवर तापवून सुकवायचं. तांदळात ठेवू नका. मी ठेवलाय, तांदळाची भुकटी बटणांत जाते.

भुकटीवरून आठवलं, दुसरा शत्रू हळद. डायलच्या खाचेत एकदा बसली की डायल उड्या मारायला लागतो, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) ५.६चं थेट ८ होतं. जेजुरीला भंडारा उधळतात तेव्हा जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळून जातात आणि तिथे लेन्स बदलत नाहीत, ते उगीच नाही. धूळ-पाणी अडवणारं वेदर सीलिंग म्हणजे रबराच्या पट्ट्याच. आठ वर्षांत रबर सैल होतं, ग्रिपचं फुगून सुटायला लागतं.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली की कंपनीकडे आतले सर्किट बोर्ड मिळेनासे होतात. मग शटर ठणठणीत असूनही बॉडी शोपीस. आठ वर्षं जुन्या कॅमेऱ्याबाबत मला क्लिकपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते, म्हणून त्या मॉडेलचे भाग मिळतात का हे पैसे देण्याआधी एखाद्या दुरुस्तीवाल्याला विचारा. निकॉन डी७५० असेल तर सिरीयल नंबरही तपासा, कारण त्यातल्या काही बॉड्यांचं शटर निकॉनने स्वतःच फुकट बदलून दिलं होतं. ते काम झालंय का, ते विकणाऱ्याला विचारा.

बघायला जाल ते दुपारी जा. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीचे सगळ्यात वेगवान शटरवर (१/८००० सेकंद, डी७५० असेल तर १/४०००) दहा-बारा फोटो काढा. एका कडेला काळपट पट्टा आला तर शटरचे पडदे थकलेत. मग छिद्र २२ करून आभाळाचा एक काढा, ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाचा स्लॉट असेल तर आतली एखादी पिन वाकलेली नाही ना, हे टॉर्चने पाहा. वरच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) फ्लॅश लावून हलवून बघा. तळाच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर बॉडी कुणीतरी उघडलीय, का ते विचारा.

हे सगळं जमलं तर १,१०,००० ला घाबरू नका. फक्त शटरचे पंधरा-वीस हजार भावातून कापून मागा. विकणारा टेस्ट करू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

माझी २०१३ची बॉडी अजून आहे, ३,४०,०००च्या पुढे गेलीय. ग्रिपचं रबर फेविक्विकने चिकटवलंय. मुख्य लग्नाला आता दुसरी नेतो. हळदीला मात्र तीच.