मोरीत जाऊन बसलेला बोका

प्रश्न : डॉक्टरताई, आमचा बोका चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे. कालपासून तो सारखा लिटरच्या (शी-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या) ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, पण होत काहीच नाही. आज सकाळपासून तर ट्रे सोडून मोरीतच बसलाय. शेजारच्या काकू म्हणतात, बद्धकोष्ठ आहे, चमचाभर एरंडेल पाजा. पाजू का? मिस्टरांना रविवारी सुट्टी असते, तेव्हा दवाखान्यात नेला तर चालेल ना? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचा मेल मंगळवारी सकाळी आला. अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतंच, म्हणून मी लगेच फोन केला. तुम्ही त्याला टोपलीत घालून तासाभरात जवळच्या दवाखान्यात पोचवलात, लघवीच्या वाटेत नळी घालावी लागली आणि चौथ्या दिवशी तो घरी आला. आपलं सगळं बोलणं झालंच आहे, पण छापायला परवानगी दिलीत म्हणून इतरांसाठी लिहिते.

बोका कुंथताना दिसला की दहातल्या नऊ घरांत पहिला शब्द निघतो तो बद्धकोष्ठ. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पण बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत गोळी अडकली की लघवी तुंबते. तुंबलेल्या लघवीबरोबर पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्याचा घाला थेट हृदयावर पडतो. एक दिवस, फार तर दोन, एवढाच वेळ हातात असतो. मंगळवार ते रविवार हा हिशेब इथे बसत नाही.

ओळखायचं कसं? आधी ट्रे बघा. लघवी झाली असेल तर लिटरचे ओले गोळे सापडतात. कोरडं ठणठणीत असेल किंवा थेंबभर लालसर डाग असेल तर घड्याळ बघा आणि निघा. बोका मागचा भाग सारखा चाटतो, उचलला की ओरडतो, मग उलट्या करतो, खाणं सोडतो. मोरीत, बाथरूमच्या गार फरशीवर जाऊन बसणं हे तर मी इतक्या घरांतून ऐकलंय की फोनवर ‘मोरी’ शब्द आला की माझा हात गाडीच्या किल्लीकडे जातो. पोटाच्या मागच्या भागात मोसंबीएवढा टणक गोळा हाताला लागला तर तो दाबू नका. मूत्राशय फुटू शकतं.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते, तेही सांगते. परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजमधून बाहेर पडून मला जेमतेम वर्ष झालं होतं. रात्री साडेदहाला कळव्याहून एका आजींचा फोन आला, बोका कुंथतोय. मी विचारलं, शी कधी झाली होती? त्या म्हणाल्या, परवा. मी म्हटलं, मग बद्धकोष्ठ असेल, सकाळी घेऊन या. लघवीचं मी विचारलंच नाही. सकाळी त्या आल्या तेव्हा टॉवेलात गुंडाळलेलं ते जनावर गार पडलं होतं. आजींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्या दिवसापासून फोनवर माझा पहिला प्रश्न एकच असतो : लघवी शेवटची कधी बघितलीत?

घरी आल्यावरही पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून ट्रे बघा, कारण लघवी पुन्हा तुंबायची शक्यता असते. नुसतं कोरडं खाद्य बंद करून ओलं सुरू करा आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवा. आणि एरंडेल कपाटातच राहू द्या.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर तीन वर्षांची आहे. दर रविवारी तिला येऊरच्या जंगलात फिरायला नेतो. दोन आठवड्यांपूर्वी तिच्या अंगावर गोचीड सापडले, ते काढून रॉकेलमध्ये टाकले. आता ती तीन दिवस मलूल आहे, पोळीला तोंड लावत नाही. नाक मात्र ओलं आहे, म्हणजे ताप नसेल ना? – घोडबंदर रोडवरून एक जोडपं

उत्तर : नाकावरून ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलिन लावा आणि शेपटीखालून गुदद्वारात अलगद घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. १०३च्या वर गेलं आणि गोचीड होऊन गेलेत, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं.

मग तिचा ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. ती निरोगी असताना हे चार-पाच वेळा करून बघितलेलं असलं की आज फरक लगेच कळतो. हिरडी फिकट किंवा पिवळसर दिसली, पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं, तर उद्यावर टाकू नका. गोचिडांतून एर्लिकिया आणि बबेसिया असे दोन आजार येतात. एर्लिकियात प्लेटलेट पडतात, बबेसियात लाल पेशी फुटतात. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून मित्राच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या चालत नाहीत. एर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती उड्या मारायला लागते आणि लोक गोळ्या सोडतात. सोडू नका.

येऊरला मात्र सगळा दोष देऊ नका. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड घरांत, इमारतींत मजेत राहतो. भिंतीच्या भेगांत, बाल्कनीच्या कोपऱ्यात, वॉचमनच्या केबिनमागे मादी हजारांनी अंडी घालते. कुत्र्यावर औषध आणि घरात फटी बुजवणं, फवारणी हे दोन्ही एकाच वेळी झालं तरच उपयोग. काढलेले गोचीड रॉकेलमध्ये टाकलेत ते ठीक, पण रॉकेल तिच्या अंगाला कधीच लावू नका. कातडी जळते आणि चाटलं की पोटात जातं. घरात मांजर असेल तर मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

प्रश्न : मांजरीचं अंग गरम लागतंय. घरात पॅरासिटॅमॉल आहे. पाव तुकडा द्यावा का? – एक आजोबा, नौपाडा

उत्तर : नाही आजोबा, कणभरसुद्धा नाही. हे औषध पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पाव गोळीनेही रक्त प्राणवायू वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. दिलेली असेल तर कुणी रागावेल म्हणून लपवू नका. गोळ्यांची पट्टी खिशात घाला आणि रिक्षा करा. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीसुद्धा कुत्र्या-मांजरांना द्यायची नाहीत. आणि मांजरीचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं. ती खात-पीत असेल, अंग चाटून साफ करत असेल, तर बहुधा ताप नाहीच. चोवीस तास काही खाल्लं नाही तर मात्र दाखवा.

प्रश्न : गणपतीत आमच्या पॉमने पंचखाद्याच्या वाटीत तोंड घातलं आणि बऱ्याच मनुका खाल्ल्या. त्या वेळी काही झालं नाही. पुढच्या वर्षी असं झालं तर काय करावं? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : तुमचं नशीब बलवत्तर. मनुका आणि द्राक्षं काही कुत्र्यांना सोसतात, काहींची किडनी एक-दोन दिवसांत बसते, आणि आपलं कुत्रं यातल्या कुठल्या गटातलं हे आधी कळत नाही. म्हणून उलट्या सुरू व्हायची वाट बघायची नाही. लगेच नेलं तर डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवून सगळं बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळाच घोळ होतो. निघताना कुत्र्याचं वजन आणि खाल्ल्याची वेळ लक्षात ठेवा, आणि ती अर्धी उरलेली वाटी सोबत घ्या. किती खाल्लं असेल ते आम्हाला त्यावरूनच कळतं.