वाचकांचे प्रश्न : उचल, पुरवणी परीक्षा आणि चिकाटी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात एका वाडीवर राहते. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परत येतात. आजी होती तोपर्यंत मी आणि धाकटा भाऊ तिच्याजवळ राहून शाळा करत होतो. गेल्या वर्षी आजी वारली, घरी सोबत कोणी उरले नाही, म्हणून आम्हां दोघांनाही टोळीबरोबर जावे लागले. फेब्रुवारीत परत येऊन मी बारावीची (कला शाखा) परीक्षा दिली. बाकीचे विषय सुटले, इंग्रजीत मात्र १०० पैकी २७ गुण मिळाले.

शिक्षण आणि चिकाटी यांचे महत्त्व शाळेतल्या प्रत्येक भाषणात ऐकले आहे. पण माझ्या आईवडिलांएवढी चिकाटी मी कोणातच पाहिलेली नाही. पहाटे चारला ते फडात असतात, तरी त्यांची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटत नाही. मग चिकाटीने नेमके काय होते? शिक्षणाचा उपयोग मात्र मी एकदा पाहिला. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीतला हिशेब मी कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) बसून वजनकाट्याच्या पावत्यांशी ताडून पाहिला, तेव्हा आमच्या नावावरची एक खेप लिहायचीच राहिलेली आढळली. पावती दाखवल्यावर ती लिहिली गेली. वडील काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पावत्या माझ्याजवळ देऊ लागले.

आई म्हणते, आपल्या वाडीवरचा एक जण बी.ए. होऊनही ऊसच तोडतो, मग तू इंग्रजी सोडवून काय करणार? आता मुकादम नव्या हंगामाची उचल घेऊन येईल, शिवाय माझ्या लग्नाचा विषयही निघाला आहे. मी पुरवणी परीक्षा द्यावी का? आणि सहावीतल्या भावाचे काय करावे?
— एक विद्यार्थिनी, जि. बीड

उत्तर : परीक्षा जरूर द्यावी, आणि त्यासाठीचा अर्ज अजून भरला नसेल तर हे पान वाचून झाल्यावर आधी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन मुदतीची चौकशी करावी. तुमच्या पत्रातला मोठा प्रश्न चिकाटीचा आहे आणि त्याचे उत्तर देताना मला थोडे लांबून यावे लागेल, पण मुदत तोवर थांबणार नाही.

आईवडिलांच्या चिकाटीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते व्यासपीठावरून बोलणाऱ्या पुष्कळांनी ऐकायला हवे. कष्ट उपसणाऱ्या माणसाला चिकाटीचा उपदेश करणे हा आपल्याकडचा एक जुना उद्योग आहे. ऊसतोडीची रचनाच अशी आहे की तिच्यात कष्ट वाढवून सुटका होत नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्या कोयत्यावर पावसाळ्यात उचल दिली जाते, ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात संपते आणि हंगामात ती टनावारी फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. या हिशेबात तुमच्या आईवडिलांची मेहनत पुरेपूर मोजली जाते असे गृहीत धरले, तरी हिशेबाची वही मात्र दुसऱ्याच्या हातात राहते. तुम्ही त्या वहीत डोकावलात. एका खेपेचे पैसे ही लहान गोष्ट असेल, पण वडिलांनी पावत्या तुमच्याकडे द्यायला सुरुवात केली, याचा अर्थ घरातल्या एका कारभाराची सूत्रे शिकलेल्या माणसाकडे आली. शिक्षणाचे महत्त्व घरी पटवून द्यायचे असेल, तर भाषणातली वाक्ये बाजूला ठेवून याच प्रसंगाची आठवण करून द्यावी.

आता चिकाटीकडे वळू. आपण थोरांची चरित्रे सांगताना त्यांची जिद्द सांगतो आणि त्या जिद्दीला टेकू कशाचा होता ते गाळतो. महर्षी कर्वे यांचेच पाहा. कोकणातल्या मुरूडहून १८७५ साली ते सातारा येथे परीक्षेसाठी पायी गेले. पावसाचे दिवस होते, घाट चढून जायचे होते आणि अंतर शंभर मैलांच्या वर होते. तिथे पोहोचल्यावर, तू वयाने लहान दिसतोस, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. अभ्यासात काही उणे नव्हते, उणे होते ते दिसण्यात. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते तीच परीक्षा उत्तीर्ण झाले, पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये पदवीधर झाले, आणि १९१६ मध्ये त्यांनीच स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. या गोष्टीत मला पायपिटीपेक्षा पुढचे वर्ष महत्त्वाचे वाटते. ते त्याच दारावर डोके आपटत बसले नाहीत, दुसरे केंद्र शोधून तिथे गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तुमच्या परिस्थितीला अधिक लागू पडते, कारण त्यांचे शिक्षण अडले ते नापास झाल्यामुळे नव्हे, पैशामुळे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९१६ मध्ये लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके युद्धात जहाजाबरोबर बुडाली. परतण्याआधी त्यांनी एक काम मात्र चोख केले होते : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथेही डी.एस्सी.चा प्रबंध पहिल्या झटक्यात मान्य झाला नाही, तो सुधारून द्यावा लागला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. खंड पडतो आहे हे दिसताच परतीचा रस्ता कागदावर पक्का करून ठेवणे, त्यासाठी मुदत मागून घेणे आणि मदत मागताना संकोच न करणे, हे सगळे चिकाटीतच येते. दिव्याखालचा रात्रभरचा अभ्यास आपल्याला ठाऊक असतो, अर्ज आणि परवानग्यांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

तुमच्या बाबतीत हा परतीचा रस्ता पुरवणी परीक्षेने दिलेला आहे. सुटलेले विषय पुन्हा द्यायचे नाहीत, द्यायचा आहे तो एकच. इंग्रजीला लेखी ८० आणि तोंडी २० असे गुण असतात आणि दोन्ही मिळून ३५ लागतात. २७ ते ३५ हे अंतर मोठे नाही, पण ते पाठांतराने कापले जाईल असे समजू नका. गेल्या काही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि उताऱ्यांवरचे प्रश्न, सारांशलेखन, पत्र आणि अर्ज हे रोज घड्याळ लावून लिहा. ज्या प्रश्नांची उत्तरे समोरच्या उताऱ्यातच असतात, तिथले गुण सोडणे परवडणार नाही. लिहिलेले कोणाकडून तरी तपासून घ्या. महाविद्यालयातले इंग्रजीचे शिक्षक उन्हापावसाच्या सुट्टीत भेटणार नाहीत असे धरून चालू नका. एकच विषय राहिलेली विद्यार्थिनी वही घेऊन दारात आली, तर तिला परत पाठवणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत.

आईंचे बी.ए.चे उदाहरण खोटे नाही आणि ते उडवून लावू नका. नुसत्या पदवीने नोकरी मिळते, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून पदवीचे नाव घेण्याऐवजी कामाचे नाव घेऊन त्यांच्याशी बोला. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलींना एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांचा विचार करता येतो. तिथे बारावीचे इंग्रजी पाहिले जाते, त्यामुळे काठावर सुटण्यापेक्षा थोडे वर जाण्याचा प्रयत्न करा. अध्यापन पदविकेचा मार्गही आहे. ‘इंग्रजी सोडवून काय करणार’ या प्रश्नाला ‘नर्स होणार’ हे उत्तर ‘बी.ए. करणार’ या उत्तरापेक्षा आईंना लवकर समजेल.

लग्नाचा विषय उचलीशी जोडलेला असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मुलगी एकटी गावात कशी ठेवायची, ही आईवडिलांची धास्ती खरी आहे आणि स्थळ पाहण्याची घाई पुष्कळदा त्या धास्तीतूनच होते. तिला उत्तर एकच, राहण्याची खात्रीची जागा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे फार आधी ओळखले होते. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. खेड्यातल्या मुलाला शाळेइतकीच राहण्याजेवण्याची जागा लागते, हे त्या नवराबायकोंनी जाणले होते. (ज्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ही वसतिगृहे वाढली, त्याच पट्ट्यात आज बीडची टोळी आपल्या पोरांना फडावर घेऊन उतरते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.)

आज ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. २०२१ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जणांची, असे तिचे स्वरूप होते. तुमच्या जवळचे वसतिगृह कोणते आणि तिथे जागा आहे का, याची चौकशी बीडच्या समाजकल्याण कार्यालयात करा. चौकशीला वडिलांना बरोबर न्या. जागा, दार, अधीक्षक बाई त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, तर स्थळाची घाई आपोआप थोडी ओसरेल.

भावाची सोय त्यामानाने सोपी आहे. तो सहावीत असल्यामुळे शिक्षण हक्क कायद्याच्या वयोगटात येतो आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी जिल्हा परिषद शाळांमध्ये हंगामी वसतिगृहे चालवली जातात. टोळी निघण्याच्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही, मुख्याध्यापकांना आताच भेटून त्याचे नाव यादीत घालून घ्या. तो बरोबर गेलाच, तर निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल.

एक सूचना शेवटी ठेवली आहे, पण वेळेच्या दृष्टीने ती पहिली आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आईवडिलांच्या सह्या लागणारी प्रतिज्ञापत्रे आणि स्वतःच्या नावाचे, आधारला जोडलेले बँक खाते, हे सगळे पावसाळ्यातच उरकून घ्या. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची वेळ येते तेव्हा वडील दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात असतात आणि एका सहीसाठी वर्ष वाया जाते. पावत्या सांभाळणाऱ्या मुलीला कागद सांभाळणे जड जाऊ नये.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून मुंबईत परळला एका गोदामात दिवसपाळीला आहे. आठवी पास होऊन शाळा सोडली. आता मुलगी सातवीत आहे आणि तिचा गृहपाठ मला येत नाही. दहावी करायची आहे. रात्रशाळेत जावे की १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरावा? पोरांबरोबर बसायची लाज वाटते.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : लाजेचे कारण रात्रशाळेत पाऊल टाकताच उरणार नाही, कारण तिथे तुमच्यासारखेच दिवसभर राबून आलेले लोक बसलेले असतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली, तेव्हापासून महाराष्ट्रात ही सोय आहे.

दोन्ही मार्गांनी मिळणारे प्रमाणपत्र मंडळाचेच असते. १७ नंबरने एका वर्षात परीक्षेला बसता येते, पण अभ्यास एकट्याला करावा लागतो आणि गणित, इंग्रजी यांच्याशी इतक्या वर्षांनी एकट्याने झुंजणे अवघड जाते. रात्रशाळेत नववीपासून दोन वर्षे लागतील, मात्र शिकवायला शिक्षक असतील. तुमची पाळी संध्याकाळी सहापर्यंत नक्की सुटत असेल, तर मी रात्रशाळेच्या बाजूने कौल देईन. जादा काम वरचेवर लागत असेल आणि हजेरी भरणे जमणार नसेल, तर १७ नंबर घ्यावा आणि जवळची जी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळेल, तिथली तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके चुकवू नयेत.

कोणताही मार्ग घेतला तरी शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो गावच्या शाळेतून आणायचा असल्यास पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाच मागून घ्या, आणि त्यावरचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते तिथेच, मुख्याध्यापकांसमोर तपासा.