वाचकांचे प्रश्न : स्कॉट्सडेलच्या वाळवंटी गोल्फ मैदानांची निवड

प्रश्न : आम्ही चौघे मित्र मूळचे पुण्याचे असून सध्या कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे नोकरी करतो. फेब्रुवारीच्या अखेरीस शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे गोल्फ खेळायला जाण्याचे ठरले आहे. आमच्यापैकी एकाचा हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला) १२ आहे, दोघांचा २० च्या आसपास आहे आणि चौथ्याने नुकतीच खेळायला सुरुवात केली आहे. वाळवंटातील मैदानावर आम्ही कोणीच खेळलेलो नाही. टीपीसी स्कॉट्सडेल, ट्रून नॉर्थ, वी-को-पा आणि ग्रेहॉक यांतून तीन फेऱ्यांसाठी कोणती मैदाने निवडावीत आणि कोणत्या क्रमाने खेळावीत? (एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : मैदानांचा लौकिक आणि त्यांची क्रमवारी क्षणभर बाजूला ठेवून आपण आधी दोनच गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवेन. फेअरवे (पहिला फटका मारण्याच्या जागेपासून, म्हणजे टीपासून, खळीभोवतीच्या आखूड गवतापर्यंत, म्हणजे ग्रीनपर्यंत, जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) किती रुंद आहे आणि चेंडू मोकळ्या वाळवंटावरून किती अंतर उडवत न्यावा लागतो, या त्या दोन गोष्टी होत. आपण आजवर ज्या मैदानांवर खेळला असाल, तेथे वाकडा गेलेला चेंडू बहुधा झाडांखाली किंवा उंच गवतात सापडतो आणि एक फटका खर्ची घालून पुन्हा वाटेवर येता येते. सोनोरा वाळवंटात फेअरवेची कड संपली की लगेच मुरमाड जमीन, दगड आणि काटेरी झुडपे सुरू होतात, आणि चेंडू डोळ्यांना दिसत असला तरी पुष्कळदा तो खेळता येत नाही. म्हणूनच २० हँडिकॅपचा खेळाडू एका मैदानावर आनंदाने खेळतो आणि त्याच परिसरातील दुसऱ्या मैदानावर दिवसभर चेंडू शोधत फिरतो.

या रचनेमागे सौंदर्यदृष्टीइतकाच पाण्याचा हिशेबही आहे. ॲरिझोनाने १९८० मध्ये भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला आणि त्याखालील नियमांत नव्या मैदानाच्या पाण्याचा वाटा एका होलमागे (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकामागे) सुमारे पाच एकर, म्हणजे १८ होलसाठी सुमारे ९० एकर हिरवळ, असा धरला जाऊ लागला. जुन्या वळणाच्या मैदानात याहून बरेच अधिक क्षेत्र गवताखाली असते. त्यामुळे आराखडाकारांनी टीपाशी थोडे गवत, मग वाळवंट, पुढे फेअरवेचा पट्टा आणि शेवटी ग्रीन अशी तुटक मांडणी स्वीकारली. केअरफ्री गावातील डेझर्ट फॉरेस्ट हे मैदान मात्र या कायद्याच्याही आधीचे, १९६२ चे आहे. तेथे रेड लॉरेन्स यांनी खेळण्यापुरतेच गवत लावून बाकीचे वाळवंट जसेच्या तसे राहू दिले होते. ते खासगी क्लबचे असल्यामुळे आपल्या यादीत बसत नाही, पण या प्रकारच्या गोल्फची सुरुवात तेथे झाली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या चौघांसाठी माझी पहिली पसंती वी-को-पा येथील सग्वारो मैदानाला आहे. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेले हे मैदान २००६ मध्ये खुले झाले. ही जमीन फोर्ट मॅकडॉवेल यावापाई या आदिवासी समाजाची आहे आणि तेथे फेअरवेच्या कडेला एकही घर नाही. चारही बाजूंना डोंगर आणि उंच सग्वारो निवडुंग यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. फेअरवे रुंद आहेत, मूळ जमिनीचे चढउतार तसेच ठेवले आहेत आणि एका ग्रीनपासून पुढची टी जवळ असल्याने हे मैदान पायी खेळता येते, जे वाळवंटात दुर्मीळ आहे. मात्र रुंद म्हणजे सोपे असा समज करून घेऊ नये. झेंडा ग्रीनच्या कोणत्या बाजूला रोवला आहे ते पाहून टीवरून फेअरवेची कोणती कड धरायची हे ठरवावे लागते, आणि १२ हँडिकॅपच्या आपल्या मित्राला या विचारातच खरा आनंद मिळेल. नवशिक्या मित्राचा चेंडू मात्र बहुतेक वेळा गवतावरच राहील. त्याच ठिकाणी स्कॉट मिलर यांनी आखलेले चोया हे २००१ चे मैदानही आहे. ते अधिक नाट्यमय आहे, पण त्यावर वाळवंट ओलांडण्याचे प्रसंग जास्त येतात, म्हणून पहिल्या भेटीत ते टाळावे.

दुसरे मैदान ट्रून नॉर्थचे मॉन्युमेंट असावे. टॉम वाइसकॉफ आणि जे मॉरिश यांचे हे मैदान १९९० मध्ये सुरू झाले. त्याच्या जोडीचे पिनॅकल मैदान वाइसकॉफ यांनी १९९६ मध्ये केले आणि २००७ मध्ये दोन्ही मैदानांच्या होलची फेरमांडणी झाली. वाळवंटी गोल्फ म्हटल्यावर मनात जे चित्र उभे राहते, ते येथे पुरेपूर पाहायला मिळते. पिनॅकल पीकच्या पायथ्याशी ग्रॅनाइटच्या शिळांचे ढीग आहेत, आणि ज्या शिळेवरून मैदानाला नाव मिळाले ती एका पार ५ (पाच फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या) होलच्या फेअरवेतच उभी आहे. येथे फेअरवेची कड चुकली तर सग्वारोसारखी दयामाया नाही. म्हणून हे मैदान पहिल्याच दिवशी, विमानातून उतरून अंग आखडलेले असताना खेळू नये.

टीपीसी स्कॉट्सडेलच्या स्टेडियम मैदानाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. वाइसकॉफ आणि मॉरिश यांचेच हे मैदान १९८६ मध्ये तयार झाले आणि १९८७ पासून फिनिक्स ओपन स्पर्धा येथे होते. ते सर्वांना खुले आहे. त्याचा सोळावा होल, सुमारे १६० यार्डांचा पार ३, स्पर्धेच्या काळात हजारो प्रेक्षकांच्या बंदिस्त मंडपात खेळला जातो, आणि १९९७ मध्ये टायगर वूड्स यांनी तेथे टीवरून थेट चेंडू होलमध्ये घातला होता. स्पर्धा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात संपते. त्यामुळे आपण जाल तेव्हा मंडप उतरवण्याचे काम चालू असेल, आणि मंडपाविना तो होल साधाच आहे. या मैदानाचे खरे मोल अखेरच्या चार होलच्या साखळीत आहे. पंधराव्या होलला पाण्याने वेढलेले ग्रीन असलेला पार ५ आहे, सतरावा हा टीवरून गाठण्याचा मोह पाडणारा आखूड पार ४ आहे आणि अठराव्याला डाव्या हाताला पाणी आहे. वाळवंटाचा अनुभव मात्र पहिल्या दोन मैदानांपेक्षा येथे कमी मिळतो. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या होलवर उभे राहण्याची हौस असेल तर अवश्य जावे, नसेल तर रविवारची फेरी सग्वारोवरच पुन्हा खेळावी.

ग्रेहॉकची टॅलन आणि रॅप्टर ही दोन्ही मैदाने उत्तम राखलेली आहेत. अमेरिकी विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा २०२१ ते २०२३ या काळात येथेच झाली. तरीही मोकळ्या वाळवंटासाठी इतक्या दूर जायचे आणि काही होलवर घरांच्या रांगा पाहायच्या, हे मला पटत नाही. खर्चाचा विचार महत्त्वाचा असेल तर फिनिक्स शहराचे, १९६३ पासूनचे पापागो मैदान पाहावे. लाल खडकांच्या टेकड्यांखालचे हे मैदान पुष्कळसे बागेसारखे, झाडांचे आणि रुंद आहे. फेब्रुवारी हा तेथला ऐन हंगाम असून नामांकित मैदानांवर एका फेरीला माणशी ३०० डॉलरच्या पुढे सहज जावे लागते. पापागोचा दर त्यापेक्षा बराच कमी असतो.

क्रम असा ठेवावा : शुक्रवारी दुपारी सग्वारो, शनिवारी सकाळी मॉन्युमेंट आणि रविवारी सकाळी टीपीसी, कारण ते विमानतळाला सोयीचे आहे. ॲरिझोनात घड्याळे ऋतूनुसार बदलत नाहीत, त्यामुळे फेब्रुवारीत तेथील वेळ कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असते. सूर्यास्त साधारण सव्वासहाच्या सुमारास होतो, म्हणून शुक्रवारची फेरी एक वाजण्याच्या आत सुरू झाली पाहिजे आणि विमान सकाळचेच घेतले पाहिजे. ट्रून नॉर्थ उंचावर आहे. तेथे थंडीत पहाटे ग्रीनवर दव गोठले तर खेळ उशिरा सुरू होतो, म्हणून शनिवारची वेळ अगदी पहिली घेऊ नये.

टीची निवड हा मात्र सर्वांत मोठा निर्णय आहे आणि मित्रांच्या गटात तो नेहमी भिडेपोटी चुकतो. २० हँडिकॅपच्या खेळाडूंनी एकूण ६००० यार्डांच्या आसपासच्या टीवरून खेळावे आणि नवशिक्याने निःसंकोचपणे सर्वांत पुढच्या टीवरून, कारण तेथून वाळवंट ओलांडण्याचे अंतर पुष्कळ कमी होते. उंचीमुळे चेंडू थोडा लांब जातो असे आपल्याला कोणी सांगेल. ते खरे आहे, पण सकाळच्या गारव्यात तो फायदा जवळजवळ संपतो, त्यामुळे त्यावर विसंबून क्लब (चेंडू मारण्याची काठी) बदलू नये.

प्रश्न : मी चेंबूरला गोल्फ खेळतो आणि लवकरच मुलाकडे फिनिक्सला जाणार आहे. चेंडू निवडुंगाखाली गेला किंवा दगडाला टेकला तर नियम काय सांगतात? सापाची भीती कितपत बाळगावी? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : प्रत्येक मैदानाच्या स्कोअरकार्डावर मागच्या बाजूला स्थानिक नियम छापलेले असतात आणि वाळवंटात ते आधी वाचणे आवश्यक आहे. पुष्कळ मैदानांवर फेअरवेबाहेरच्या वाळवंटाला लाल खुणेच्या दंडक्षेत्रासारखे मानण्याची मुभा असते. अशा वेळी एक दंडाचा फटका घेऊन, चेंडूने जेथे कड ओलांडली तेथून दोन क्लब-लांबीच्या आत, म्हणजे बहुधा गवतावर, चेंडू टाकता येतो. अशी मुभा नसेल तर चेंडू खेळण्याजोगा नसल्याचे जाहीर करण्याचा नियम लावावा लागतो. त्यातही दोन क्लब-लांबीचा पर्याय आहे, पण तो चेंडू पडला असेल तेथून मोजला जातो, आणि दाट वाळवंटात तेवढ्या अंतरात पुन्हा काटेच असतात. अशा वेळी मागच्या जागी परत जाऊन खेळणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. शोधण्यासाठी तीनच मिनिटे मिळतात, हेही ध्यानात ठेवावे.

नियमांतील एक भेद येथे विशेष उपयोगी आहे. रॅटलस्नेक किंवा मधमाश्यांसारख्या धोकादायक प्राण्यांमुळे चेंडू खेळणे जोखमीचे असेल तर दंडाविना सुटका मिळते, निवडुंगामुळे मात्र मिळत नाही. काट्यांत उभे राहून फटका मारायचा असेल तर आपण स्वतःच्या पायांभोवती टॉवेल गुंडाळू शकता, पण तो टॉवेल निवडुंगावर टाकल्यास दंड बसतो, कारण त्यामुळे उभे राहण्याची जागा सुधारली असे मानले जाते.

सुटा दगड, मग तो केवढाही असो, जमिनीत घट्ट रुतलेला नसेल तर हलवता येतो आणि त्यासाठी इतरांची मदतही घेता येते. १९९९ च्या फिनिक्स ओपनमध्ये तेराव्या होलवर टायगर वूड्स यांच्या चेंडूपुढे आलेली मोठी शिळा प्रेक्षकांनी मिळून ढकलली, आणि नियमाधिकाऱ्यांनी तिला सुटा अडथळा ठरवल्यामुळे त्यात काहीच गैर नव्हते.

सापांबद्दल : ते उबदार महिन्यांत अधिक बाहेर पडतात. झुडपाखाली किंवा दगडाच्या फटीत हात घालू नये, आधी क्लबने चाचपून पाहावे. चोया जातीच्या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून कपड्यांना आणि कातडीला चिकटतात. ते बोटांनी ओढू नयेत, रुंद दातांचा कंगवा पिशवीत ठेवून त्याने उडवून काढावेत.

प्रश्न : आमच्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. वाळवंटात गोल्फसाठी गवत वाढवणे कोणत्या आधारावर योग्य म्हणता येईल? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, आणि वाळवंटी गोल्फवर प्रेम करणाऱ्यांनीच तो सर्वांआधी विचारायला हवा. ॲरिझोनाच्या मध्यभागाला कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने येते. त्या नदीत ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रथमच अधिकृत तुटवडा जाहीर केला आणि २०२२ साली ॲरिझोनाच्या वाट्यातून सुमारे १८ टक्के कपात झाली. तिचा सर्वाधिक भार मैदानांवर नव्हे, तर पिनाल परगण्यातील शेतकऱ्यांवर पडला, हे मला अस्वस्थ करते.

दुसरी बाजू अशी की उत्तर स्कॉट्सडेलमधील वीसहून अधिक मैदानांना वेगळ्या नळवाहिनीने मुख्यतः प्रक्रिया केलेले सांडपाणी पुरवले जाते आणि त्या व्यवस्थेचा खर्च मैदानांनी उचललेला आहे. ९० एकरांच्या हिशेबामुळेही पाणी निश्चितच वाचते. पण हिवाळ्यात एक टाळता येण्याजोगा खर्च होतो. उन्हाळ्यात वाढणारे बर्म्युडा गवत थंडीत सुप्त होऊन पिंगट पडते, म्हणून बहुतेक मैदाने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही आठवडे बंद ठेवून त्यावर राय गवताचे बी पेरतात आणि ते उगवेपर्यंत भरपूर पाणी देतात. पर्यटकाला छायाचित्रात हिरवेगार मैदान हवे असते, हे त्याचे मुख्य कारण आहे.

सुप्त बर्म्युडावर चेंडू उत्तम बसतो, जमीन टणक असल्याने तो अधिक घरंगळतो आणि खेळात काही उणे राहत नाही. काही मैदानांनी फेअरवेवर राय पेरणे कमी केले आहे. जे वाचक हिवाळ्यात तेथे जाणार असतील त्यांनी वेळ ठरवताना फेअरवेवर राय पेरले आहे का हे जरूर विचारावे आणि पिंगट फेअरवेचे मैदान मिळाले तर ते आनंदाने निवडावे, कारण किती पेरायचे हे मैदानांचे व्यवस्थापक पाहुण्यांची मागणी पाहूनच ठरवतात.