कमान नक्की कुणाला हवी आहे?

"मी थेट जनतेतून निवडून आलेली सरपंच आहे. गावात चौदाशे मतदार. ग्रामसभेने अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून वेशीवर कमान बांधायचा ठराव केलाय. मला वाटतं, त्या पैशात मळ्यातल्या वस्तीच्या वाटेवर दिवे लावावेत. (कोरम, म्हणजे किमान हजेरी, भरला नव्हता, तहकूब सभेत चाळीसेक जण होते. महिला सभेच्या सह्या अंगणवाडीताईंनी घरोघर फिरून घेतल्या.) भाच्याने एडमंड बर्क या जुन्या ब्रिटिश खासदाराचं भाषण पाठवलं, म्हणतो स्वतःच्या बुद्धीने चाल. दीर म्हणतात, लोकांनी निवडून दिलंय तर लोकांचं ऐक. कुणाचं ऐकू?"

ताई, कंसातला मजकूर तुम्ही घाईत उरकलात. मी तिथेच अडकले.

सह्या घरोघर फिरून घेतल्या, म्हणजे सभा झालीच नाही. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असं कायदा सांगतो, आणि ती तुम्ही, एका बाईने, रजिस्टरवर भागवलीत. मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चाळीस जणांनी चौदाशेंच्या वतीने कमान मंजूर केली. हे 'लोकांचं' ऐकणं? (दीर त्या चाळिसांत होते का? विचारते आपली.)

भाच्याचा बर्क १७७४ साली ब्रिस्टॉलच्या मतदारांना म्हणाला होता, की खासदाराने त्यांच्या हुकमाने नव्हे, स्वतःच्या विवेकाने वागावं. १७८० साली त्याच मतदारांच्या रोषामुळे त्याला तिथून माघार घ्यावी लागली, हे भाच्याने कळवलं नसेल. पण त्याचं एक तरी खरं होतं: घोडागाडीच्या काळात लंडनला बसून तो ब्रिस्टॉलला रोज काय विचारणार? तुमचे मतदार हाकेच्या अंतरावर आहेत. आमदाराला पक्षाचा व्हिप (मतदानाचा आदेश) असतो, तुम्हाला तोही नाही.

आणि दिव्यांचं म्हणाल, तर मळ्यातल्या बायकांना दिवेच हवेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांना आधी वाटेवर मुरूम हवा असेल. त्यांना विचारल्याचा एक शब्द पत्रात नाही. चाळीस जणांनी जे केलं, तेच तुम्ही एकटीने करायला निघालात!

महिला सभा घ्या. खरी. सकाळी अकराला नको, तेव्हा बायका खुरपणीला असतात. रात्री जेवणं उरकल्यावर, मळ्यातच. बोलावणं करायला अंगणवाडीताईंना पाठवू नका, स्वतः दारोदार जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे आधीच्या ग्रामसेवकांना) सोबत न्या, इतिवृत्त तिथेच लिहून घ्या, सह्या त्यानंतर. तोवर कमानीचं अंदाजपत्रक हलू देऊ नका. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर कमानीचा फेरविचार ठेवा आणि त्याच बायकांना सभेला आणा. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा म्हणजे कोरम. तुमच्या गावाला १०० पुरेत.

बायकांनीही कमानच मागितली तर मुकाट्याने बांधा, आणि दिव्यांसाठी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात भांडा.