कथाकाव्यात शब्दनिवडीमुळे भाव आणि सूर कसा बदलतो?

कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ घ्या. प्रसंग १६७४ चा, नेसरीच्या खिंडीतला, प्रतापराव गुजरांचा.

सुरुवातीलाच महाराजांच्या पत्रात ‘श्रुति धन्य जाहल्या’, म्हणजे ‘कान धन्य झाले’, असं येतं. शब्द आदराचे, पूजेत शोभतील असे. पण बातमी सैन्य पळाल्याची. त्यामुळे टोमणा नुसत्या शिवीपेक्षा जास्त झोंबतो. यालाच सूर म्हणायचं: बोलणाऱ्याचा समोरच्याकडे पाहण्याचा रोख.

भाव म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात साचणारं वातावरण. ‘म्यानातून उसळे तरवारीची पात’ मध्ये ‘उसळे’च्या जागी ‘निघे’ घालून बघा. वृत्त जवळपास तेच राहील, संताप मात्र गेला! ‘उसळे’ म्हटल्यावर तलवार हाताची वाट बघत नाही, आपणच बाहेर येते. ‘कणखर’, ‘ताठर’ मधले ण-ठ मोठ्याने वाचा, जबडा आपोआप आवळतो.

शेवटी मात्र ‘विराणी’, म्हणजे विरहाचं गाणं, येते. तिथे ‘पोवाडा’ असता तर कविता विजयाची झाली असती. परीक्षेत नुसतं ‘वीररस’ लिहून सुटू नका, कारण अखेरच्या कडव्यातलं ‘अजूनि, अजूनि’ शोकाकडे झुकतं.