एकाच जातीतल्या स्पर्धेने जीवसमुदाय डळमळतो का?

'प्राण्याची किंवा वनस्पतीची आपापसात झगडणारी जात स्वतःही बुडते आणि समुदायालाही, म्हणजे एका ठिकाणी एकत्र राहणाऱ्या सगळ्या जातींना, बुडवते' असं बरेच जण गृहीत धरतात. खरं चित्र बहुतेक वेळा उलटं असतं. संख्या वाढली की त्या जातीच्याच पिल्लांना आधी खाणं कमी पडतं, वाढीला लगाम बसतो आणि शेजारच्या जातीला वाव उरतो. दोन जाती एकत्र टिकायच्या तर प्रत्येकीला परक्यांपेक्षा जातभाईंचा जाच जास्त हवा. वनस्पतींवरच्या ३९ अभ्यासांच्या २०१८ मधल्या आढाव्यात हा जाच सरासरी चार ते पाच पट निघाला.

हाच वाद मला कोल्हापूरकडच्या शेततळ्यांवर घालावा लागतो. कटला मासा झपाट्याने वाढतो म्हणून तळ्यात नुसता कटला सोडायचा, हे साफ चूक आहे. दहा गुंठ्यांच्या तळ्यात ८ ते १० सेंमीची ५०० बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) पुरेत: २०० कटला, १५० रोहू, १५० मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पाचशेच्या पाचशे कटला टाकले की सगळे वरच्याच खाद्यावर तुटून पडतात आणि वजन धरत नाहीत. तळाचं खाद्य तसंच कुजतं, त्यात प्राणवायू खर्च होतो आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. अशा वेळी खाद्य आणि शेण बंद करून ताजं पाणी सोडा.

चिलापी (तिलापिया) माशाचं वेगळं. गर्दीत ती फारशी मरत नाही, खुरटते, आणि खुरटलेलीही पिल्लं देत राहते. स्पर्धा आहे, पण संख्या आवरत नाही. म्हणून चिलापी तळ्यात राहू वा शिरू नये यासाठी आधी तळं पूर्ण सुकवा, पाणी घेताना पाइपाला बारीक जाळी बांधा.

स्पर्धा उशिरा आणि एकदम आवळली तरी घात होतो. कीटकशास्त्रज्ञ निकोल्सन यांच्या १९५४ मधल्या प्रयोगात मांसावर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्यांना मोजकंच खाद्य दिलं होतं. माश्या वाढल्या की अंडी भरमसाट, अळ्यांची झुंबड, आणि जवळपास एकही अळी कोषापर्यंत पोचेना. संख्या सतत वर-खाली आपटत राहिली.

आणखी एक: साचलेल्या पाण्यात कटला-रोहू-मृगळ अंडी घालत नाहीत, त्यामुळे शेततळं म्हणजे नैसर्गिक समुदाय नव्हे. तिथली संख्या आपण ठरवतो. म्हणूनच नुसत्या कटल्याचा आग्रह धरणाऱ्याला काढणीच्या दिवशी तिन्ही जातींचं वजन वेगवेगळं करून दाखवा आणि शेजारच्या नुसत्या कटल्याच्या तळ्याशी गुंठ्यामागे ताडून बघायला सांगा.